उगवतीकडची चिंचोळी

१७ सप्टेंबर १९६१
लांब बेटासमोर, इनारी

ब्रिता,

तुझं कार्ड ओंत्रेईने परवा आणून दिलं. त्याने ते वाटेत वाचलं असणार, कारण एरवी टपाल आणलं की दोन कप कॉफी घेतल्याशिवाय तो उठत नाही आणि परवा उभ्याउभ्याच गेला. सहा महिन्यांनी तू लिहिलंस, तेही एकच ओळ : ‘एल्यास तिथून का गेला?’

आधी बाकीचं लिहितो. ऑगस्टअखेरपर्यंत आम्ही शोधत होतो. गळ टाकले, जाळी ओढली, लांब काठ्यांनी तळ चाचपला, जिथे तळ लागतो तिथे. ओंत्रेईची बायको तिचा कोंबडा घेऊन आली. बुडालेल्या माणसावरून होडी गेली की कोंबडा आरवतो असं तिच्याकडे मानतात. दोन दिवस आम्ही त्या कोंबड्याला चिंचोळीत, बेट आणि किनाऱ्यामधल्या त्या अरुंद पाण्यात, वरखाली फिरवला. तो एकदाच आरवला, किनाऱ्याला लागल्यावर, तिने दाणे काढले तेव्हा. बिचारी ओशाळली, म्हणून मी कोंबड्याची तारीफ केली.

टोपी आणि एक स्की मिळाली ती तुझ्याकडे पोहोचलीच आहे. तुझा मुलगा तळ्याने ठेवून घेतला. आई म्हणायची की हे तळं जेवढं लांब तेवढंच खोल आहे. नकाशेवाले म्हणतात तसं काही नाही, मोजलंय आम्ही. मोजलं असेल.

आता तुझा प्रश्न. खाली धरण झाल्यापासून हिवाळ्यात आपलं पाणी उतरतं हे तुला माहीत नसेल. पाणी खाली जातं आणि बर्फ वरच लटकून राहतो, आतून पोकळ. पाय पडला की बसला. तेव्हा उत्तर असं, की धरण. त्यात कुणाचा दोष नाही.

तू एकदा ये. हिमफळं यंदा खूप आली, दोन बादल्या भरून ठेवल्यात. आईची खोली मी झाडून घेतली आहे. ओंत्रेईची मोटारहोडी ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत तरी चालेल.

तुझा
इसाक्की


१२ नोव्हेंबर १९६१

ब्रिता,

होडी बंद झाली आणि तू आली नाहीस. खाड्या गोठल्या आहेत, मधलं पाणी अजून उघडं आहे आणि त्यावरून वाफ निघते. हे तीन आठवडे इकडून तिकडे कुणीच जाऊ शकत नाही. हे पत्र बर्फ धरल्यावरच निघेल. तोवर मला त्यात खाडाखोड करायला वाव आहे, आणि तो मी घेणार आहे.

धरणाचं लिहिलं ते खोटं होतं. म्हणजे धरण आहे, पाणी उतरतं, बर्फ पोकळ होतो, पण तो किनाऱ्यालगतच्या उथळ खाड्यांत. उगवतीकडच्या चिंचोळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथला प्रवाह धरणाच्या आधीचा आहे, आपल्या आजोबांच्याही आधीचा. तू इथे जन्मलीस. तुला धरण सांगायला निघालो याची मला आता लाज वाटते.

पोलिसाने विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, ‘शहरातलं पोरगं हो, वाट चुकलं.’ त्याने तेच लिहून घेतलं, अहवालातही तेच आहे : स्थानिक माहितीचा अभाव. त्याच्यासाठी प्रार्थना झाली त्या दिवशी चर्चच्या अंगणात तुलाही मी तेच सांगितलं. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस आणि बसमध्ये जाऊन बसलीस.

पण बारके, त्याला खरंच काही माहीत नव्हतं ना. बावीस वर्षांचा झाला आणि आपल्या तळ्यावर तिसऱ्यांदा आला. आपली भाषा तू त्याला दिली नाहीस. मी दोष देत नाही. बोर्डिंगात आपल्या बोलीतला एक शब्द तोंडातून निघाला की आपलं रात्रीचं जेवण बंद व्हायचं, आणि तू तिथेच ठरवलंस की आपल्या पोराला उपाशी ठेवायचं नाही. कुणीही तेच केलं असतं. तरी हे लिहितोय, म्हणजे दोष देतोच आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी तो आला तेव्हा दारात उभं राहून त्याने आपल्या भाषेत मला ‘मामा’ म्हटलं. उच्चार असे, जणू पाद्री प्रवचनाची तालीम करतोय. मी हसू दाबलं. मग त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि म्हणाला, ‘मी यातून शिकलो.’

त्या पुस्तकाबद्दल मी पुढे लिहीन. आज नाही.

इसाक्की


२१ जानेवारी १९६२

ब्रिता,

ओंत्रेई म्हणतो, ‘काका, बहीण उत्तर देत नाही तरी तुमची शाई काही आटत नाही.’ मी म्हटलं, तुझी जीभ तरी कुठे आटते. पण पत्र घेऊन गेला.

आज पुस्तकाचं लिहितो. ते लिहिलं एका दक्षिणेकडच्या विद्वानाने. एकावन्नच्या जुलैत तो आपल्याकडे तीन दिवस राहिला होता. उंच, पातळ, डोक्यावर डासांच्या जाळीची टोपी. कॉफी प्यायला जाळी वर करायचा आणि घोटागणिक दोन डास गिळायचा. आम्ही त्याला वहीवाला म्हणायचो, कारण शेळी कुठे बांधता हे विचारून तेही तो वहीत लिहायचा. तळ्याचा नकाशा करायचा होता त्याला, प्रत्येक बेटाचं, खाडीचं, खडकाचं आपल्या तोंडचं नाव घालून, आणि नावामागची गोष्ट घालून, आपल्या भाषेतही, शब्दागणिक अर्थ विचारून. माणूस वाईट नव्हता. आईच्या हाताला लावायला त्याने मलम दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर कागद पसरला, लांब बेटावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हिवाळ्यात चर्चच्या गावाला तुम्ही याच्या कुठल्या बाजूने जाता?’

तुला माहीत आहे कुठल्या बाजूने. बेटाच्या मावळतीला घोंगडीची चिंचोळी, वेडीवाकडी, लांबचा फेरा. दुष्काळाच्या वर्षी एक म्हातारी आपल्या पोरांचा घास नको म्हणून घर सोडून निघाली, तिथे पाण्यावर आडवी झाली आणि घोंगडी अंगावर ओढून घेतली. म्हणून तिथे बर्फ सगळ्यांत आधी धरतो आणि सगळ्यांत शेवटी सुटतो. बेटाच्या उगवतीला नवरीची चिंचोळी, सरळ, रुंद, दिसायला गरीब गाय. अकरा घसरगाड्यांची वरात चर्चहून परतत होती. तिथे रेनडिअरांच्या गळ्यातल्या घंटा सोडायच्या असतात, पाण्याखालच्यांची झोप मोडू नये म्हणून. नवऱ्याचा बाप म्हणाला, माझ्या सुनेच्या घंटा मी कुणासाठी सोडणार नाही. कडाक्याच्या थंडीत अजून तिथे कान लावला तर खालून किणकिण ऐकू येते. ती प्रवाहाची असते, पातळ बर्फाला आतून लागणारी. पण आपल्याला प्रवाह कुणी शिकवला नव्हता, नवरी शिकवली होती. तेवढ्यावर आपण सगळे जगलो.

आणि बाबांची बर्फाखालची जाळी घोंगडीत होती. अजून माझी तिथेच आहेत. पांढरा मासा डिसेंबरापासून एप्रिलपर्यंत तिथून हलत नाही. आपला निम्मा हिवाळा त्या चार भोकांवर निघतो.

जाळ्याची जागा परक्याला सांगायची नाही हे आपल्याला दुधाबरोबर पाजतात. सख्खा व्याही विचारायला आला तरी त्याला भलतंच बेट दाखवायचं. त्यालाही ते ठाऊक असतं. तो मान डोलावतो आणि घरी जाताना मनातल्या मनात सगळं उलटं करून घेतो. कुणी रागावत नाही, कुणी बुडत नाही.

मी वहीवाल्याला नावं उलटी करून दिली. उगवतीला घोंगडी, मावळतीला नवरी. गोष्टींसकट. मनात एवढंच होतं की दक्षिणेकडचे हौशी मासेवाले नकाशा घेऊन आले तर नवरीला भिऊन मावळतीकडे फिरकायचे नाहीत. तो लिहीत होता आणि मी रंगात आलो. उगवतीच्या बर्फावरून माझे आजोबा मे महिन्यात घोडा घालायचे म्हणालो. शेजारचा सामेली समोर बसला होता. आपल्या भाषेत मला म्हणाला, ‘घोड्याला पंख लाव की, लिहील तो.’ सगळे हसले. वहीवालाही हसला, त्याला वाटलं आजोबांची आठवण निघाली.

आई हसली नाही. ती उठून बाहेर गेली आणि संध्याकाळी मला म्हणाली, ‘त्या माणसाला उलटं वाचता येत नाही, इसाक्की.’ मी म्हटलं, ‘आई, तो इथे हिवाळ्यात कशाला मरायला येतोय?’

तो नाही आला.

पुस्तक पंचावन्नला छापलं, नकाशा त्याच्या पुढच्या वर्षी. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, हिवाळी वाटेसाठी स्थानिक लोक उगवतीकडच्या घोंगडीच्या चिंचोळीवर पूर्ण भरवसा ठेवतात. खाली कंसात माझं नाव. एल्यासच्या मृत्यूची नोंद चर्चच्या वहीत झाली तीसुद्धा ‘घोंगडीची चिंचोळी’ याच नावाने. पाद्र्याने नकाशात बघून लिहिली. मी शेजारी उभा होतो, मूग गिळून.

तो वाट चुकला नव्हता, ब्रिता. मी छापून दिलेल्या वाटेने तो अगदी बरोबर गेला.

इसाक्की


६ मार्च १९६२

ब्रिता,

आज वर्ष झालं. एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी मागच्या पत्रात मुद्दाम लिहिली नाही. उलट्या नावांचं सांगितलं की तुला वाटेल, दहा वर्षांपूर्वीची थट्टा, कुणाला काय कल्पना. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

तो आठ दिवस माझ्याकडे होता. लाकडं फोडायचा, वाईट फोडायचा, पण फोडायचा. रोज मी जाळी बघायला निघालो की म्हणायचा, ‘मामा, मी येऊ?’ आणि रोज मी म्हणायचो, उद्या. जाळ्याची जागा. सख्ख्या भाच्यालाही. सवय कशी हाडात असते बघ.

पाच तारखेला जेवताना त्याने ते पुस्तक उघडलं आणि मला वाचून दाखवलं. म्हातारी आणि घोंगडी, घंटा आणि नवरी. मग आजोबांचा घोडा. वाचता वाचता त्याने पुस्तक मिटलं आणि पुढचं तोंडपाठ म्हटलं. म्हणाला, ‘मामा, शाळेत मला लॅपडा म्हणायचे, आपल्या लोकांना देतात ती शिवी. आईला सांगितलं नाही कधी. मग लायब्ररीत हे सापडलं आणि शेवटी तुझं नाव. मी वर्गात उभा राहून अख्खं म्हणून दाखवलं, हे माझ्या मामाने सांगितलंय म्हणून. त्यानंतर कुणी बोललं नाही.’

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्याला मी काय सांगायचं होतं? की तू ज्याच्या जोरावर ताठ उभा राहिलास ती मी एका डास खाणाऱ्या माणसाची केलेली चेष्टा आहे? तो म्हणाला, ‘खरंच मे महिन्यात घोडा जायचा?’ मी म्हटलं, ‘जायचा.’

हे मी तुला कसं समजावू. त्याच्या तोंडून ते ऐकायला मला बरं वाटत होतं. या घरात आपल्या भाषेत एवढं सलग कुणी आई गेल्यापासून बोललं नव्हतं. मी ठरवलं, उद्या जाळ्यावर घेऊन जाईन आणि तिथे उभं राहून सगळं खरं सांगेन. जागेवर सांगितलं की कमी लागेल असं मला वाटलं.

सकाळी मी खोपटात दोर सोडवत होतो. तो दारात येऊन म्हणाला, ‘गावात जाऊन आईला फोन करून येतो, तिला आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलून दाखवायचीत.’ मी म्हटलं, ‘थांब, दोर झाला की बरोबरच निघू.’ तो म्हणाला, ‘तू ये मागून, तू तसाही माझ्यापुढे निघून जाशील.’ ते खरं होतं, तो स्कीवर बदकासारखा चालायचा. मी हसलो आणि दोराकडे वळलो. दोराला दहा मिनिटं लागली असतील.

बाहेर आलो तेव्हा तो बेटाच्या टोकापाशी पोहोचला होता आणि उगवतीकडे वळत होता. मी ओरडलो. मी एवढ्या जोराने आयुष्यात ओरडलो नाही. त्याने मागे वळून हात केला आणि पुढे गेला.

तू विचारलंस, तिथून का गेला. आदल्या दिवशी जेवताना मी एक खरा शब्द बोललो नाही म्हणून गेला. झालं लिहून.

आता काम. मी नकाशाच्या कार्यालयाला लिहिलं की नावं उलटी आहेत. त्यांचं उत्तर आलं, सभ्य आहे. म्हणतात, नाव आपणच दिलंत, आता आपणच खोडता. एका माणसाच्या सांगण्यावरून छापील नकाशा बदलता येत नाही. त्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या दोघांची साक्ष आणि सही लागेल. ओंत्रेई चालत नाही, तो सरहद्दीपलीकडून आलेला. सामेली गेला, त्याच्याकडची बाकीची युद्धातून परतलीच नाहीत. उरलो मी आणि तू. कागद सोबत जोडला आहे. माझी सही केली आहे, खालची ओळ तुझी.

माझ्यासाठी करू नकोस. दर ईस्टरला नकाशा घेऊन पोरं येतात, दरवर्षी जास्त येतात. मी साठीचा झालो.

आणि जमलं तर ये. टपालाने पाठवण्यापेक्षा हातात आणून दे. मला शिव्या देण्यासाठी ये. आईच्या खोलीत शेगडी पेटवून ठेवीन. माफी मागायची नाही असं मी ठरवलं आहे, कारण तू ती देशील की नाही या विचाराने तू यायची थांबशील. नुसती ये.

इसाक्की


२७ मे १९६२

ब्रिता,

तुझं पत्र आणि खालची ओळ कोरीच असलेला कागद दोन्ही पोहोचलं. उत्तर द्यायला महिना लागला.

आधी ईस्टरचं सांगतो. पाच जण आले, तीन मुलं आणि दोन मुली, चांगली स्वेटरं घातलेली. मी पहाटेपासून उगवतीकडच्या तोंडाशी घसरगाडी आडवी लावून बसलो होतो. म्हटलं, इथून जाऊ नका, ही नवरीची चिंचोळी आहे. त्यातल्या एकाने नकाशा काढला.

‘आजोबा, नवरी तिकडे. ही घोंगडी.’

‘नकाशा चुकलाय.’

‘असं कसं चुकेल? हे बघा, पुस्तकात पण आहे. इथल्याच माणसाने सांगितलंय. इसाक्की माट्टुस.’

‘तो मीच.’

ती सगळी हसली. वाईट हसली नाहीत, म्हाताऱ्या माणसाला बघून हसतात तशी. एक मुलगी म्हणाली, ‘मग आजोबा, तेव्हा खरं बोललात की आता?’ मी बर्फावर कुऱ्हाड मारली. दुसऱ्याच घावाला पाणी वर आलं. मग त्याने नकाशाची घडी घालून तो खिशात ठेवला.

त्यांना मी घोंगडीतून नेलं, माझ्या जाळ्यांवरून. तिथून बेटाच्या पार टोकापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना पाइनच्या फांद्या रोवल्या, म्हणजे लोक फांद्या बघून तिकडूनच जातील. आठ दिवसांत गावातल्या लोकांनी माझ्या भोकांशेजारी नऊ भोकं पाडली. त्यानंतर यंदा मला टोपलीभरसुद्धा मासा मिळाला नाही. जे राखायला मी खोटं बोललो होतो ते असं संपलं. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढी जागा शिल्लक नव्हती.

आता तुझं पत्र. तू लिहिलंस, ‘दादा, तू मला त्या वहीवाल्याचं वर्णन करून सांगितलंस, जणू मी त्याला कधी पाहिलाच नाही. मी तिथेच होते. कॉफी मी ओतत होते. एल्यास उंबऱ्यावर बसला होता, बारा वर्षांचा. तू आणि सामेली घोड्याचं बोललात तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसले. त्याने मला विचारलं, आई, सगळे का हसताहेत? मी म्हटलं, काही नाही रे, मोठ्यांचं आहे. चर्चच्या वहीत ते नाव वाचलं तेव्हाच मला कळलं. घोंगडीत कुणी बुडत नाही. कार्डावर तुला विचारलं ते उत्तरासाठी नाही. तू मला त्यात धरतोस का ते मला बघायचं होतं.’

धरलं नाही, मुद्दाम. टेबलाभोवतीच्या सगळ्यांची नावं लिहिली आणि तुझी खुर्ची रिकामी ठेवली. मला वाटलं तेवढं तरी माझ्या हातात आहे. वहीवाल्याला उलटं वाचता येत नव्हतं आणि तुला येतं, हे मी पुन्हा विसरलो.

मग तू सहीचं लिहिलंस. ‘कागद पंधरा दिवस समोर होता. रोज डोळे मिटून घरापासून निघते. धक्का दिसतो, खोपट दिसतं, लांब बेटाचं टोक दिसतं. तिथून पुढे दोन्ही बाजू सारख्याच. कुठली कुठली ते मला आता आठवत नाही, दादा. तू सांगतोस म्हणून सही करायची तर ती माझी साक्ष नव्हे. मी हसले तेवढंच मला नक्की आठवतं. तेवढ्याची सही त्यांना नको असेल.’

आणि शेवटी, ‘मी येणार नाही. रागाने नाही. आपण दोघं म्हातारी एका घरात राहिलो तर कधीतरी, कशावरून तरी, हसू. ते मला सहन होणार नाही.’

मी तुझं पत्र ओंत्रेईला दाखवलं नाही. त्याने विचारलं, ‘येतेय का बहीण?’ मी म्हटलं, गुडघे दुखतात तिचे.

सही केली नाहीस ते बरोबर केलंस. एका घरातून एक खोटी साक्ष गेली तेवढी पुरे. कार्यालयाला मी तसं कळवलं, दुसरा साक्षीदार नाही. त्यांनी माझं प्रकरण बंद केल्याचा कागद पाठवला. नवी आवृत्ती पुढच्या वर्षी निघते आहे, नावं तीच राहतील.

तळं आजपासून सुटायला लागलं. उगवतीकडे महिनाभर आधीच पाणी मोकळं झालं होतं, मावळतीला अजून पांढरं आहे. नोव्हेंबरात बर्फ धरला की मी पुन्हा फांद्या रोवीन. त्याच्या पुढच्या वर्षीही रोवीन. त्यानंतर जी माणसं येतील त्यांच्याकडे नकाशा असेल.

दादा